वाढलेली खोली

तिसऱ्या प्रकरणात आयडा त्या खोलीच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात पसरते आणि तिची बोटं दोन्हीकडच्या भिंतींना टेकतात. एकोणिसाव्या प्रकरणात ती त्याच खोलीत एका भिंतीपासून दुसरीपर्यंत तीन पावलं चालते. शेवटच्या प्रकरणात तिथे एक बाक आहे, बाकाखाली कपाट आहे, आणि छताला हात पुरत नाही म्हणून आयडा बाकावर चढते.

खोली वाढली होती. जहाज तेच, मजला तोच, तिथे येऊन मिळणारे चार नळही तेच.

हे लक्षात यायला मला सहा वर्षं लागली, कारण बेव्हर्ली स्टोबार्टची कादंबरी आम्ही महिन्याला एखादं प्रकरण अशी वाचत आलो होतो. सगळं बाड सलग वाचायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि तीही लंडनहून फोन आल्यामुळे.

आम्ही चौघं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी संडरलंडच्या बंदराजवळ, खलाशांच्या क्लबातल्या वरच्या खोलीत जमतो आणि एकमेकांच्या विज्ञानकथा वाचतो. डेस टिंडलने आयुष्यभर बस चालवली; त्याच्या गोष्टींमध्ये बसगाड्या ड्रायव्हरला न विचारता निघून जातात. ऑड्री पॅटिसनचं लोकरीचं दुकान आहे आणि तिच्या मंगळावर नेहमी कुणाचं तरी लग्न मोडतं. बेव्ह गाडी शिकवते. दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात, गाडी समुद्राकडे तोंड करून उभी करून, तिने ही कादंबरी लिहिली. मी रूथ. हॉस्पिटलात श्वासाची यंत्रं तपासते, स्वतः फारसं लिहीत नाही, पण बाकीच्यांचे आकडे मी बघते.

आमच्यापैकी कुणाचं पुस्तक कधी छापलं जाईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. बेव्हचं ‘कापडावरचं जहाज’ एका प्रकाशकाने घेतलं, आणि नुसतं घेतलं नाही, तर तीन पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं म्हणून घेतलं, ही बातमी आली तेव्हा मी हॉस्पिटलच्या तळघरात होते. जिना चढून वर आले आणि जो पहिला माणूस दिसला त्याला सांगितलं. तो फरशी पुसत होता आणि मला ओळखत नव्हता.

“अरे वा,” तो म्हणाला. “बहीण का तुमची?”

मी हो म्हटलं.

कादंबरी एका जहाजाची आहे. चार पिढ्यांपूर्वी ते पृथ्वी सोडून निघालं. वाटेत इतक्या वेळा दुरुस्त्या झाल्या, इतक्या भिंती काढल्या आणि घातल्या, की मूळ नकाशे निरुपयोगी झालेत आणि यंत्रांच्या स्मृतीतले तर बिघडलेतच. जहाज खरं कसं आहे हे फक्त आयडा मॉसनला माहीत आहे. ती एकाहत्तर वर्षांची आहे. हातात फीत घेऊन ती एकेक खोली मोजते आणि शाईने कापडावर उतरवते. शेवटी खालच्या मजल्यावर आग लागते. चार नळांपैकी कोणता बंद करायचा हे जुना नकाशा सांगतो ते चूक आहे हे तिला ठाऊक असतं. ती त्या खोलीत शिरते, आतून दार लावते, बरोबर तो नळ बंद करते. जहाज वाचतं. पण आग विझून लोखंड निवेपर्यंत, म्हणजे चार दिवस, दार बाहेरून उघडता येत नाही. माणसं बाहेर उभी राहतात आणि दारावर हात ठेवतात. तिथे कादंबरी संपते.

आयडा आत जगते की मरते, हे बेव्हने लिहिलं नव्हतं.

फिलिपा नावाच्या संपादिकेने फोनवर अगदी गोडीने सांगितलं होतं. दार बंद ठेवून पहिलं पुस्तक संपवता येणार नाही. वाचकाला ती लबाडी वाटेल. आयडा जगली तर दुसरं पुस्तक तिचं, मेली तर दुसऱ्या कुणाचं. दोन्ही चालेल, पण काय ते सोमवारी सांग. सोमवारपर्यंत कळलं नाही तर आपण हे एकच पुस्तक छापू आणि मालिकेचा विचार सोडून देऊ. जाता जाता ती म्हणाली होती, की तिला स्वतःला आयडा जगलेली आवडेल. अशी म्हातारी पुन्हा मिळायची नाही.

अशी म्हातारी बेव्हच्या घरीच होती. तिची आई विनी, वय पंच्याऐंशी. जहाजं बांधणाऱ्या गोदीच्या नकाशा-कचेरीत ती गिरवणारी होती. आराखडा काढणारे पुरुष पेन्सिलीने काढायचे आणि मुली तो पातळ, खळ दिलेल्या कापडावर शाईने गिरवायच्या. त्या कापडावरून मग प्रती निघायच्या. आयडा म्हणजे आपणच हे विनीला पहिल्या प्रकरणापासून माहीत होतं आणि तिने ते बसमध्ये, बेकरीत, चर्चमध्ये आणि दवाखान्याच्या रांगेत सगळ्यांना सांगितलं होतं. “मी पुस्तकात आहे,” ती म्हणायची. “अंतराळात. आणि तिथेही दात माझेच आहेत.”

ऑगस्टमध्ये विनी बेकरीच्या दारात कोसळली. हृदयाची झडप झिजली होती, आणि या वयात शस्त्रक्रिया नको असं डॉक्टर म्हणाले. ती आठवड्याभरात घरी आली आणि पूर्वीसारखीच बोलायला लागली. पण बेव्हचा हात त्या शेवटच्या पानावर अडला तो अडलाच.

“मला माहितीये रूथ, वेडेपणा आहे,” एकदा गाडीत ती मला म्हणाली. “पण समज, मी लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी... मी ते पुस्तक पुन्हा हातात धरू शकेन का?”

कुणाच्या लिखाणाबद्दल बैठकीबाहेर बोलायचं नाही असा आमचा नियम आहे.

दुसरा नियम जास्त कडक आहे. ज्याचं लिखाण वाचलं, त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, हरकत नाही, मान डोलावणंसुद्धा नाही. म्हणून लेखकाने तोंडात काळी पुदिन्याची गोळी ठेवायची. सगळ्यांचं झालं की मग त्याची पाळी. तो सहसा “आभार, विचार करतो,” असं म्हणतो आणि आम्ही खाली बारमध्ये जातो. बेव्हने सहा वर्षं दर वेळी “विचार करते” हेच म्हटलं होतं.

तेव्हा खोली वाढल्याचं मला सांगायचं असेल तर ते बैठकीतच, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. मी आधी हिशेब केला. बंद खोलीत माणूस प्राणवायू संपून मरत नाही. त्याच्या आधी त्याच्याच श्वासातून निघालेला वायू त्याला मारतो. तिसऱ्या प्रकरणातल्या खोलीत, नळांनी अडवलेली जागा वजा केली, की आयडाला दीड दिवससुद्धा मिळत नव्हता. शेवटच्या प्रकरणातल्या खोलीत तिने हालचाल केली नाही तर चार दिवस कसेबसे निघत होते. आणि बाकाखालच्या कपाटात, शेवटून तिसऱ्या पानावर, प्राणवायूचं एक सिलिंडर आलं होतं. श्वासातून निघालेल्या वायूला त्याने आळा बसत नाही. पण वाचकाला धीर येतो, आणि कदाचित लेखिकेलाही. मी हिशेब पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

शनिवारी समुद्रावरून धुकं आलं होतं आणि नदीपलीकडे फुटबॉलचा सामना होता; मधूनच हजारो माणसांचा हुंकार खिडकीवर आदळायचा. ऑड्रीने पिंक स्लाइस, म्हणजे गुलाबी साखर थापलेली बिस्किटाची वडी, आणली होती. बाहेरगावच्यांना त्या जाड गुलाबी साखरेचं कौतुक वाटत नाही. आमच्याकडे त्याशिवाय कुणाचं भलं झाल्याचं कुणी मानत नाही. डेस चहा ओतत होता एवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला.

“कुणी मदत करू नका,” विनीचा आवाज आला. “मला येतं.”

बेव्ह उठून उभी राहिली. “आई! तुला घरी बसायला सांगितलं होतं ना मी?”

“बसले होते. मग उठले. टॅक्सीवाल्याला सांगितलं, माझं शेवटचं प्रकरण आहे आणि मीच तिथे नाही, हे बरं दिसतं का? त्याने पैसेच घेतले नाहीत.” ती खुर्चीत बसली, दम खाल्ला, टोपी काढली. “काय रे डेस्मंड, अजून बारीक झाला नाहीस?”

“तुम्ही अजून सरळ झाला नाहीत, मिसेस स्टोबार्ट.”

“विनी म्हण. पुस्तकातली बाई आहे मी, एवढा मान ठेवायला काय झालं?”

“पाहुण्यांनी इथे फक्त ऐकायचं असतं, विनी,” ऑड्री म्हणाली. “नियम आहे.”

“ऐकतेच की.”

बेव्हने गोळी तोंडात टाकली. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी ती शिकाऊ पोरांच्या शेजारी बसलेली असताना पाहिलं आहे. पाय ब्रेकवर आणि हात मांडीवर.

ऑड्रीने सुरुवात केली. ती म्हणाली की तिने हे बाड दुकानात वाचलं, आणि एका गिऱ्हाइकाला निळ्याऐवजी हिरवी लोकर बांधून दिली. मग ती गंभीर झाली. “हे आपल्याकडचं पुस्तक आहे. त्या जहाजावरची माणसं आपल्यासारखी बोलतात, आपल्यासारखी भांडतात, काम करताना गातात. मी पन्नास वर्षं असली पुस्तकं वाचतेय. अंतराळात आजवर मला सगळे भेटले, पण माझ्या गल्लीतलं कुणी भेटलं नाही. ते आता भेटलं.” एवढं म्हणून तिने नाक पुसलं आणि पुढे म्हणाली की आयडा जगावी. ती जगली तर आपण सगळे जगलो असं वाटेल.

“ऐका, ऐका,” विनी म्हणाली.

“विनी!”

“बरं बाई.”

डेसची पाळी. “मी सरळ माणूस. आयडा जगते. त्यासाठीच तर ते सिलिंडर ठेवलंय, नाही का? बेव्हने हुशारीने ठेवलंय. मी वाचता वाचता ओरडलो, ‘अगं कपाटात बघ, कपाटात!’ बायको वरून म्हणाली, चष्मा हरवला का तुमचा?” सगळे हसले. बेव्हसुद्धा गोळीआडून हसली. “आणि त्या लंडनच्या बाईलाही आयडा जिवंत हवीय. मग अडलंय कुठे?”

“ती लंडनची बाई,” विनी मला म्हणाली, हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा, “फोनवर मला म्हणते, मला तुमची न्यूकॅसलची बोली फार आवडते. मी म्हटलं, पोरी, न्यूकॅसल बारा मैलांवर आहे आणि तिथल्यांना अजून बोलायला शिकायचंय.”

मग माझी पाळी आली.

मी आधी चांगलं ते सांगितलं, कारण ते खरं होतं. मी म्हणाले की या कादंबरीतले सगळे आकडे मी तपासले आहेत. जहाजाचा वेग, फिरण्याचा कोन, पाण्याचा साठा, आगीची उष्णता. सहा वर्षांत बेव्हने एकही आकडा ठोकून दिला नाही. हॉस्पिटलात माझ्या हाताखाली पदवीधर मुलं येतात, त्यांच्याबद्दल मला हे म्हणता येत नाही. मी म्हणाले की या पुस्तकावर माझं नाव नाही, पण त्याचा अभिमान मला माझ्या कुठल्याही कामापेक्षा जास्त आहे.

मग मी म्हणाले, “फक्त एक खोली वाढली आहे.”

मी तिन्ही प्रकरणांतल्या त्या ओळी वाचल्या. पसरलेले हात. तीन पावलं. बाक, कपाट, सिलिंडर. वाचताना मी बेव्हकडे पाहिलं नाही. डेसने कप खाली ठेवला.

“पहिल्या खोलीत आयडा दुसऱ्या दिवशीच बेशुद्ध होते,” मी म्हणाले. “तिला त्रास फार होत नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. शेवटच्या खोलीत ती चार दिवस काढते. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. पण जहाजावर खोली एकच आहे. कोणती, ते लेखिकेने ठरवायचं.”

नदीपलीकडे गोल झाला असावा. तो आवाज खिडकीवर आदळून ओसरला. बेव्हचे दोन्ही हात बाडावर पालथे पडले होते. मला वाटलं, मी हे आज बोलायला नको होतं. आई समोर बसलेली असताना तरी नको होतं.

“म्हणजे,” विनी म्हणाली, “मी मेले म्हणायची.”

“विनी, पाहुण्यांनी...” ऑड्री म्हणायला लागली.

“गप गं. पंच्याऐंशी वर्षं ऐकलंच आहे मी.” विनीने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. “बेव्हर्ली, माझ्याकडे बघ. बोलू नकोस, तुझ्या तोंडात गोळी आहे. हे असं आयुष्यात पहिल्यांदाच झालंय, मला त्याचा फायदा घेऊ दे.”

बेव्हने पाहिलं.

“माझ्यासाठी भिंत सरकवलीस तू.”

बेव्हची मान जरा हलली. नियमात ते बसत नाही. कुणी हरकत घेतली नाही.

“मला आवडलं ते. कुठल्या आईला आवडणार नाही? स्वयंपाकघराची सरकवली असतीस तर आणखी आवडलं असतं.” डेसला हसू आलं आणि त्याने ते चहात बुडवलं. “पण आता ऐक. मी अठरा वर्षं गिरवलं. माझ्या हातावरून किती जहाजं गेली ते त्या नदीला विचार. आराखड्यात कुठलाही जिना मला कुरूप वाटला, कुठलीही खोली अडचणीची वाटली, तरी मी एक रेघ इकडची तिकडे केली नाही. पुढ्यात ठेवलं ते गिरवलं. का? कारण त्या रेघेवरून कुणीतरी लोखंड कापणार होतं. म्हणून आमची जहाजं तरंगली. न्यूकॅसलची पण तरंगली म्हणा, पण ते नशीब.”

ती थांबली. तिला दम लागला होता. बेव्ह उठायला लागली तशी विनीने तळहात वर केला.

“बस. मरत नाहीये. आणि तुझ्या त्या भीतीचं मला माहीत आहे. रूथने नाही सांगितलं. रूथ काहीच सांगत नाही, तिच्याकडून काही काढणं म्हणजे शिंपल्याशी गप्पा. मी तुझी आई आहे, मला दिसतं. तुला वाटतं तू लिहिलंस की माझं हृदय ते वाचणार. त्याला वाचता येत नाही गं, पोरी. त्याला धड ठोकेसुद्धा मोजता येत नाहीत, म्हणून तर तो घोळ झालाय.”

ऑड्री उघडउघड रडत होती. मी माझ्या कागदावरच्या बेरजेकडे बघत राहिले.

“जहाज पाण्यात उतरायचं त्या दिवशी आम्हा मुलींना काठावर उभं करायचे,” विनी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि पहिल्यांदाच तो फक्त एका माणसासाठी होता. “बँड वाजायचा. लोखंड ओरडत खाली सरकायचं, पाणी वर यायचं, आणि ते जायचं. आम्हाला कुणी आत बसवलं नाही. कुणाला वाटलंही नाही, की गिरवणारी आत हवी. मला तर वाईटच वाटायचं नाही. मी छाती काढून उभी राहायचे. शेजारच्या अनोळखी बाईला कोपर मारून सांगायचे, ते बघा, ते माझं. तुझं पहिलं पुस्तक चाललंय, बेव्हर्ली. त्याच्यामागे आणखी दोन उभी आहेत. त्यांच्यात मी हवीच असं कुठे आहे? माझी कापडं आहेत ना तिथे?”

कापडं होती. शेवटच्या प्रकरणात आयडा आत जाण्याआधी ती सगळी गुंडाळून दाराबाहेर ठेवते. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं आणि नुसतं वाचून पुढे गेलो होतो.

“एवढंच,” विनी म्हणाली. “नियम मोडल्याबद्दल माफ करा. आता ती गुलाबी वडी इकडे द्या कुणीतरी, डॉक्टरांनी नको म्हटलंय.”

डेसने उठून बशी तिच्या हातात दिली. तो बसच्या दारात म्हातारी माणसं चढताना जसा वाकत असेल तसा वाकला होता. “मी माझं मागे घेतो,” तो म्हणाला. “सिलिंडर. चांगलं होतं, पण मागे घेतो.”

“एकदा बोललेलं मागे घेता येत नाही,” ऑड्री डोळे पुसत म्हणाली. “नियम आहे.”

“मग राहू दे. माझ्या नावावर चूक राहू दे.”

सगळ्यांचं बोलून झालं होतं. आता बेव्हची पाळी होती. ती उठली आणि खिडकीपाशी गेली. तिथून धुक्यात काहीच दिसत नव्हतं, ना नदी, ना पलीकडचा काठ, जिथे कधी काळी गोद्या होत्या आणि आता नवी घरं आहेत. ती तिथे पाठमोरी उभी राहिली. ती आता “विचार करते” म्हणेल आणि आम्ही खाली जाऊ, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मी तिला दोष दिला नसता. सोमवार यायला अजून एक पूर्ण दिवस होता.

ती वळली. तिने आईकडे पाहिलं. विनीच्या ओठांवर गुलाबी साखर लागली होती आणि ती हनुवटी वर करून बसली होती, बँड वाजायची वाट पाहत असावी तशी.

“खोली तिसऱ्या प्रकरणातलीच,” बेव्ह म्हणाली. तोंडात गोळीचा तुकडा उरला होता, तो तिने गिळला आणि आम्हा सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली. “तीच खोली. बाक नाही, कपाट नाही, सिलिंडर नाही. आयडा पहिल्या पुस्तकात मरते.”